माळवदावरचं माहेर

शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात सगळी घरं खांद्याला खांदा लावून उभी होती. दोन घरांमध्ये भिंत एकच. तिच्यावर एका अंगाने या घराच्या तुळया टेकलेल्या, दुसऱ्या अंगाने त्या घराच्या. वरची मातीची सपाट माळवदंही एकमेकांना लागून. उन्हाळ्यात बायका वाळवणं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत खुशाल चालत जात. फक्त मधल्या घरापाशी आलं, की पाय उचलून वर टाकावा लागे. रंभाबाईचं माळवद दोन्हीकडच्या माळवदांपेक्षा गुडघाभर उंच होतं.

बांधताना ते तसं नव्हतं. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया आली की बोळातली माणसं जुनी माती खरवडून काढत आणि नवी घालत, म्हणजे पावसाळ्यात घर गळत नसे. या घरात मात्र खरवडायची रीत नव्हती. घरात आलेली सून आपल्या माहेरच्या गावठाणातली चिवट पांढरी माती आणी आणि ती आधीच्या मातीवर पडे. सासूच्या माहेरावर फावडं कोण चालवणार? सासूच्या मोहोळच्या मातीवर अशी रंभाबाईच्या जेऊरची माती आली.

रंभाबाई जेऊरची. तिचा भाऊ दर चैत्रात मातीचं पोतं आगगाडीत घालून सोलापूरला यायचा. टेसनावरचे हमाल हसायचे. "पावनं, सोलापुरात माती मिळत न्हाय व्हय?"

"मिळती की. पर ती जेऊरची नसती," म्हणून तो पोतं खांद्यावर घ्यायचा.

मानमोडीच्या साथीत भाऊ गेला, पाठोपाठ भावजय गेली आणि पुढच्या पावसाळ्यात जेऊरचं घर बसलं. मग रंभाबाईचा नवरा मानसिंग दर साली गाडीवानाकडून माती घेऊन वर पसरू लागला. तिच्याखाली जेऊर तसंच राहिलं.

दुपारचा मिलचा भोंगा होऊन गेला, की रंभाबाई माजघरात पाठ टेकायची. माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या साण्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरायचा आणि त्यात धूळ तरंगायची. ती बघता बघता डोळे जड व्हायचे. मग वर गाव जागं व्हायचं. कुणी आडावर रहाट ओढतंय, आई परसात शेणी थापतेय, वेशीतून शेरडं आत येतायत. मधेच एखादी तुळई कुरकुरे. रंभाबाई झोपेतच म्हणे, गाडी निघाली वाटतं शेताला.

ती कुरकुर इतरांनाही ऐकू येत होती. चैत्र सरता सरता म्युनिसिपालटीचा ओव्हरसियर बोळातली घरं बघायला आला. त्याने भिंतीला ओळंबा लावला, तुळयांखाली उभा राहून वर पाहिलं, मग माळवदावर चढून पहार मातीत घातली. पहार जातच राहिली.

"वीतभर पुरते हो, बाई. इथं तर पिढ्या घातल्यात," तो म्हणाला. "लाकूड वाकलंय. चनबसप्पांच्या बाजूची भिंत ओळंब्यातून गेली. पावसाच्या आधी ही माती उतरवा. नाही उतरवली तर आम्हाला घरच उतरवावं लागेल, आणि मधलं घर काढलं की शेजारची दोन्ही उघडी पडतील."

"वरवर खरवडली तर न्हाय चालायचं?"

"जुनी, पावसाने बसलेली माती जास्त जड. तीच काढायची आहे."

शेजारचा चनबसप्पा आपल्या माळवदावरून ऐकत होता. मंगळवार पेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं गोड बोलायची सवय. "अक्का, लोक म्हातारपणी माहेरी जातात," तो म्हणाला. "तुम्ही तर माहेरच आमच्या भिंतीवर आणून बसवलंत की!"

"तुमच्या बायकोला विजापूरची माती आणू दिली असती, तर तुमचं बी घर उंच झालं असतं," रंभाबाई म्हणाली आणि खाली उतरली.

त्यानंतर ती विषय काढू देईना. मानसिंगने कल्लप्पा गवंड्याला बोलावलं. तिने त्याला चहा पाजला आणि आखिती होऊन जाऊ द्या, म्हणून परत पाठवलं. आखिती झाली. ऊन चढलं. माजघरात तिची दुपारची झोप लांबत गेली. कधी कधी ती उठायची आणि आपण कुठल्या घरात आहोत, हे तिला चटकन उमगायचं नाही.

"अगं, घर पडलं तर माती बी खालीच येणार हाय," मानसिंग म्हणाला.

"अवो, पर त्यात मी असंन न्हवं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात चनबसप्पाची सून बाळाबाई बाळंत झाली. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. रंभाबाई डिंकाचे लाडू घेऊन बघायला गेली. बाळंतिणीची खोली आतली, अंधारी. बाज भिंतीला लावलेली. रंभाबाई कौतुकाने वाकली आणि तशीच थांबली. बाजेच्या वर भिंत पुढे आली होती, भरल्या पोटासारखी. ही आपलीच भिंत, हे कळायला तिला क्षणभर लागलं. या भिंतीला पाठ लावून तिने इतकी वर्षं धान्य निवडलं होतं. तिच्या बाजूने ती नुसती जराशी खोल गेलेली दिसे. भिंतीची ही बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती.

बाळाच्या दुपट्यावर पांढरी भुकटी पडली होती. बाळाबाईने ती सवयीने पदराने झटकली.

"रोज पडती?"

"पडती थोडी, अत्ती." बाळाबाई लाजून हसली. "मामा म्हणाले, अक्कांना काही बोलू नका. त्यांचं तितं जेऊरला कोणी राहिलं नाही."

"बाज तरी सरकवायची, पोरी."

"कुठं सरकवू? ह्या बाजूला भिंत, त्या बाजूला चूल."

रंभाबाई घरी आली ती थेट मानसिंगसमोर. "कल्लप्पाला उद्याच बोलवा. मी बी वर येणार."

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुदळी चालू झाल्या. रंभाबाई कडेला पदर डोक्यावर ओढून बसली. जेऊरचा थर लागला की आपल्याला कळणार, याची तिला खात्री होती. तेवढा तरी ती हाताने उचलणार होती. वरची सैल माती गेली. खाली घट्ट लागली. कल्लप्पा प्रत्येक पाटीला तिच्याकडे बघे. ती मूठभर घेऊन चोळी, वास घेई आणि मान हलवी. अजून न्हाय. अजून न्हाय. ऊन डोक्यावर आलं आणि कुदळीखाली किलच दिसू लागली, तुळयांवर आडवी घातलेली लाकडं. माती संपली होती. मोहोळ, जेऊर, गाडीवानाची माती, सगळ्याचा पावसाने एकच दगड केला होता.

मानसिंगने पाटीतून एक ढेकूळ उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "घे. ही जेऊरची."

"कशावरनं?"

"म्हणायचं."

तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. आपल्या माळवदावरून बघत असलेल्या चनबसप्पाने दुसरीकडे तोंड फिरवलं. ढेकूळ तिने हातात फिरवलं, अंगठ्याने दाबलं, आणि परत पाटीत टाकलं. "न्या," ती कल्लप्पाला म्हणाली. "घर मोकळं होऊ द्या."

शेवटची पाटी खाली गेली तेव्हा घरातून आवाज आले, एकामागून एक, खोल. सगळे जागच्या जागी थांबले.

"भिऊ नका," कल्लप्पा म्हणाला. "तुळया पाठ सरळ करतायत."

दुपारी ती माजघरात आडवी झाली. वर उघडी लाकडं होती आणि त्यांच्या फटीतून उन्हाच्या बारीक रेघा तिच्या अंगावर, भिंतीवर, धान्याच्या कणगीवर पडल्या होत्या. चिमणीचे पाय वर टकटक चालताना ऐकू येत होते. रहाट नव्हता, गाडी नव्हती. ती वाट बघत राहिली आणि वाट बघता बघता तिचे डोळे मिटू लागले.

दारातून मानसिंगने विचारलं, "नवी माती कुठली आणू?"

"कुठली बी आणा," ती झोपेतून म्हणाली. "वीतभरच."