काकाची चाल

कैवल्य गेला तेव्हा अंतराची चाल करून झाली होती आणि त्याची व्हायची होती.

कैवल्य माझा धाकटा दीर. नोकरी सोडून तो पुण्यात दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक व्हिडिओ गेम बनवत होता. सासूबाई त्याला ‘कैवल्यचे उद्योग’ म्हणायच्या. नदीकाठचं एक गाव, धुक्यातून येणारी सावटं, आणि चौकटींच्या पटावर तुमची चार-पाच माणसं. आधी तुम्ही चाल करायची, मग जोडीदाराने, मग सावटांनी. घाई कसलीच नाही, एका चालीला आठवडा घेतला तरी चालतो. पण पडलेलं माणूस परत येत नाही. कोणी पडलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात: ‘जना गेली.’ ‘सोमा गेला.’ बाकी काही नाही.

“वहिनी, ‘मेला’ लिहिलं की हसू येतं आणि ‘मृत्यू’ लिहिलं की पेपरातली बातमी वाटते,” तो म्हणाला होता. “‘गेला’ बरं आहे.”

अंतरा आमची मुलगी, दुसरीत आहे. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. देवनागरी ती त्या गेममधूनच वाचायला शिकली. इथे कतारमध्ये, अल वक्रातल्या आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर मांडी घालून ती टॅबवर चाल करायची आणि तिकडे पुण्यात कैवल्य त्याची; तिच्या टॅबवर त्याचं नाव ‘काका’. गावातले शिपाई तिचे. त्याच्याकडे एकच माणूस, मशालजी. मशालीचा उजेड पडेल तेवढंच शिपायांना दिसतं. कैवल्य मशाल घेऊन सरळ धुक्यात घुसायचा आणि वर व्हॉइस मेसेज पाठवायचा, “अंतू, मागून ये गं बाई. मी मेलो तर तुझ्या आईला नाव सांगेन तुझं.” ती खिदळायची.

खेड शिवापूरच्या पुढे एका टेम्पोने त्याची बाइक उडवली. अनय, माझा नवरा, मिळेल त्या विमानाने पुण्याला गेला. मी इथेच राहिले. सगळ्यांना सांगितलं की अंतराच्या परीक्षा आहेत. खरं म्हणजे तिने ते काही बघू नये असं मला वाटत होतं.

पण सांगायला तर हवं होतं. “अंतू,” मी म्हटलं, “कैवल्यकाका गेला गं.”

तो शब्द मी मुद्दामच घेतला. आपल्याकडे माणूस ऑफिसला जातो, गावाला जातो, आणि तसाही जातो. ती “कुठे?” विचारेल, मी “लांब” म्हणेन, पुढचं अनय आल्यावर बघू, असा माझा हिशेब.

ती म्हणाली, “विच टर्न?”

हिला कळलंच नाही, मला वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर ती शाळेच्या बसमधून उतरली की बूटही न काढता टॅब उघडायची. ‘काकाच्या चालीची वाट पाहत आहोत.’ त्या ओळीकडे बघत बसायची. डबा तसाच परत यायला लागला. रडणं नाही, प्रश्न नाही. मुलं रडली की काय करायचं ते मला येतं. हिच्या त्या बसण्याचं काय करावं मला समजेना.

कैवल्य हिवाळ्यात आमच्याकडे आला होता तेव्हा माझ्या जुन्या फोनवर त्याने गेम टाकून स्वतःच्या नावाने लॉगिन केलं होतं. तो फोन ड्रॉवरमध्ये पडून होता. ती शाळेत असताना मी तो चार्ज केला, उघडला, आणि मशालजीची चाल केली. मला गेममधलं काही कळत नाही. कुठे उभं राहिलं की कोणी गाठू शकत नाही, एवढं मात्र लगेच कळतं. मी त्याला गिरणीच्या भिंतीमागे नेऊन ठेवलं.

दुपारी तिने टॅब उघडला. ओरडली वगैरे नाही. पडद्यावर तळवा ठेवून बसली. “ओके,” स्वतःशीच म्हणाली. “ओके, ओके.” त्या दिवशी वरणभात मागून घेतला.

मग मी रोजच करायला लागले.

तेरावं करून अनय परत आला, डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. दोन दिवस घरी राहिला आणि प्लांटवर रुजू झाला. प्लांट पार उत्तरेला, बसने जाण्यायेण्यातच त्याचा जीव जातो. घरी आला की जेवायचा, आईला फोन करायचा, झोपायचा. त्याच्यासमोर कैवल्यचं नाव काढायची माझी छाती नव्हती. फोनचं तर नाहीच.

शाळेतून हिबा मिसचा फोन आला. अंतरा मधल्या सुट्टीत बाहेर येत नाही, वहीत चौकटी काढत बसते, घरी सगळं ठीक आहे ना? ठीक आहे, मी म्हटलं.

शनिवारी दुपारी मी पहिल्यांदा तिच्याजवळ बसून नीट पाहिलं. अनयची शिफ्ट होती. बाहेर धुळीचं वारं होतं, खिडकीच्या फटीला मी ओला टॉवेल लावला होता. पटावर मशालजी माझ्या भिंतीमागे, सुरक्षित. सगळा उजेड भिंतीवर. आणि तिचे शिपाई पुढे, मिट्ट काळोखात. तिने एकाला पुढे सरकवलं. ‘भिवा गेला.’ तिने ते वाचलंही नाही, नुसतं बोटाने बाजूला केलं.

“अगं, दिसत नाही तर पाठवतेस कशाला त्यांना?”

“बिकॉज ही वोन्ट कम.”

“कोण?”

“काका.” मग आम्हा मोठ्यांना समजावताना ती जशी हळू बोलते तशी बोलायला लागली, सगळं इंग्रजीत. “आधी तो पुढे असायचा. आता येत नाही. म्हणून मी माझी माणसं पुढे ठेवते. ती संपेपर्यंत सावटं त्याच्याकडे जाणार नाहीत.”

“पण तो येत का नाही?”

“ही इज स्केअर्ड, आई. तो एकदा मेलाय ना. त्याला आता माहितीये कसं वाटतं.”

“तुला कोणी सांगितलं मेला म्हणून?”

“यू सेड. ‘गेला’ म्हणालीस तू.”

तिच्यासाठी त्या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता. गेममध्ये वाचलेलाच अर्थ. तिला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. आणि मग काकाची चाल आली होती. गेममध्ये गेलेलं कोणी परत येत नाही, हे तिला माहीत होतं. पण गेम काकानेच बनवलाय, तेव्हा त्याला येता येत असेल, असं तिने स्वतःचं स्वतः ठरवलं होतं. तो आत होता. घाबरून भिंतीमागे उभा होता, आणि तिच्याकडे एकच शिपाई उरला होता, एक ढालवाली.

“ही गेली की?” मी विचारलं.

“खलास,” ती म्हणाली. “मग परत नाही येता येणार. दोनदा नाही येता येत.” तिचे ओठ सुकले होते. अंगठ्याजवळची साल तिने दातांनी पार कुरतडली होती, आणि ते मला आता दिसत होतं. सगळीकडे लक्ष ठेवणारी मी.

ढालवालीची चाल तिने केली. ती अजून उभी होती. ‘काकाच्या चालीची वाट पाहत आहोत.’

मी आत जाऊन फोन आणला. कदाचित याच्याहून बरा मार्ग असेल. असे प्रश्न हाताळणारी माणसं असतात, फी घेऊन. मला तेवढा धीर नव्हता. तिला दिसेल असा मी फोन धरला आणि मशालजीवर बोट ठेवलं. टॅबवरचा मशालजी उजळला. मी त्याला एक चौकट हलवलं. टॅबवर तो एक चौकट हलला.

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. “अगेन.”

मी पुन्हा हलवलं.

“ऑल द टाइम्स?”

“हो. काका गेल्यापासून मीच.”

“भिंतीमागे?”

“मीच उभं केलं त्याला.”

“सो ही वॉझन्ट स्केअर्ड.”

“नाही गं. मी घाबरले होते.”

“मग तो कुठे आहे?”

“कुठेच नाही, अंतू.”

“बॉडी?”

“बाबाने अग्नी दिला.”

“यू मीन बर्न्ड.”

“हो.”

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिने माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला, आणि सोफ्याच्या पाठीकडे तोंड करून पडली. रडत होती की नाही ते मला कळू दिलं नाही. मी तिथेच बसून राहिले, तिच्या पायाला हात लागेल न लागेल अशी.

अनय आला तेव्हा मी दार उघडायच्या आत ती दारात. त्याचा एक बूट पायातच होता. “बाबा,” ती म्हणाली, “आई वॉज काका.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी भराभरा सगळं सांगून टाकलं, फोन, ड्रॉवर, भिंत, ढालवाली. तो चिडेल, त्याच्या भावाच्या नावाने मी हे काय चालवलंय म्हणेल, म्हणून माझा आवाज चढत गेला. तो चिडला नाही. चपलांच्या स्टँडवर बसला आणि त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला. त्याच्याकडेही गेम होता, मला ठाऊकच नव्हतं. कधी खेळला असेल असं वाटत नाही. त्यातल्या मित्रांच्या यादीत एकच नाव: कैवल्य. नावापुढे हिरवा ठिपका, म्हणजे तो आत्ता गेममध्ये आहे.

“लंच ब्रेकच्या सुमाराला लागायचा,” तो म्हणाला. “रोज. कँटीनमधून बघायचो मी.”

“तुला काय वाटलं?”

“त्याच्या मित्रांपैकी कोणी असेल.”

“मग विचारायचं ना त्यांना.”

“विचारलं असतं तर कळलं असतं, मालविका.”

मी माझ्या हातातल्या फोनचं बटण दाबायला गेले. “बंद करते.”

“नको,” तो म्हणाला. “आजच्या दिवस राहू दे.”

अंतरा त्याच्या गुडघ्याशी उभी राहिली, त्याच्या फोनमध्ये वाकून पाहिलं, आणि मग आमच्या दोघांकडे.

“बट दॅट्स जस्ट आई,” तिने त्याला सांगितलं.

“माहितीये,” अनय म्हणाला, आणि बघत राहिला.