भंगारात गेलेलं खोगीर

धाकटी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. घोड्यांच्या स्थानिक प्रदर्शनासाठी लागणारं सगळं सामान तिने जुन्यातूनच जमवलं होतं. खोगीर एका म्हाताऱ्या घोडेस्वाराच्या माळ्यावरून उतरवलेलं. आतल्या लोकरीच्या गाठी झाल्या होत्या. ती उसवून, पिंजून, घोडीच्या पाठीच्या बेताने तिने पुन्हा भरली. लगाम दोन मोडक्या लगामांचा मिळून एक. अंगातला काळा कोट जुन्या कपड्यांच्या बाजारातला, पुरुषी, खांदे आत घेऊन तिने तो असा बसवला होता की दुकानातल्या बायकांनी "कुठून शिवून घेतलास?" म्हणून विचारलं होतं.

काजळ ही घोडी मात्र दोघी बहिणींची. तबेला ताईच्या घरामागे आणि राबणं धाकटीचं.

प्रदर्शनाच्या सकाळी धाकटी मैदानावर पोचली तेव्हा भावोजी काजळला गाडीतून उतरवत होते. त्यांचं फरशांचं दुकान. यंदा ते प्रदर्शनाच्या समितीवर आले होते आणि छातीवरचा बिल्ला दर दोन मिनिटांनी सरळ करत होते. धाकटीने सामान घ्यायला गाडीत डोकं घातलं. आत एक करकरीत नवं खोगीर होतं. लगाम चकचकीत, कपाळपट्टीवर काचेचे खडे, कडेला सोनेरी गोट.

"माझं खोगीर कुठंय?"

"हेच की तुझं," भावोजी हसले. "सरप्राईज!"

"जुनं कुठंय, भावोजी?"

"ते? काल दुकानावर भंगाराचा टेम्पो आला होता, जुने नळ न्यायला. त्यातच दिलं टाकून, लगामासकट. किती दिवस ती लक्तरं मिरवणार होतीस?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण स्पर्धा तोंडावर होती. तिने दात आवळून ते खोगीर घोडीवर चढवलं, पट्टा ओढला. काजळने कान मागे पाडले आणि मान वळवून पट्ट्याचाच चावा घेतला. धाकटीने मानेच्या मुळाशी, खोगिराखाली बोटं सरकवून पाहिली. जातच नव्हती.

"हे तिला चिमटतंय. यावर मी बसणार नाही."

"अगं, नव्या चपलासुद्धा पहिले दोन दिवस चावतातच की."

"चपला चावल्या तर तुम्ही काढून फेकाल. ती कशी काढणार?"

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. भावोजींनी आवाज खाली घेतला. "चार लोकांत तमाशा नको. माझी इथे काही इज्जत आहे."

"इज्जत तुमची, आणि पाठ तिची सोलायची का?"

इतका वेळ ताई बादली हातात धरून नुसती उभी होती. धाकटी तिच्याकडे वळली. "तू घरातच होतीस ना काल? यांना एका शब्दाने अडवलं नाहीस?"

ताईने बादली खाली ठेवली. "त्यांना मीच सांगितलं," ती म्हणाली. "देऊन टाका म्हणून मीच म्हटलं."

धाकटीने खोगिराचा पट्टा सोडला.

"मागच्या वर्षी तू मैदानात होतीस," ताई घाईघाईने बोलू लागली. "मी इथे, बाहेर, त्या बायकांच्यात. ठिगळवाली आली म्हणत होत्या तुला. खिदळत होत्या. तुला नाही ऐकू आलं, मला आलं. वर्षभर डोक्यातून जाईना."

"मग त्यांची तोंडं धरायचीस! माझं खोगीर कशाला भंगारात घालायचं?" धाकटीचा आवाज चिरकला. "त्या परक्या होत्या, ताई. तुला माझी लाज वाटली!"

ताईने बादली पुन्हा उचलली. नाही म्हणाली असती तरी धाकटीचा विश्वास बसला नसता.

धाकटीने खोगीर उतरवून गवतावर टाकलं. स्वारीचा गट हातचा गेलाच होता. घोडी हाताने चालवून दाखवायचा गट उरला होता. त्याला नुसता लगाम पुरे. तिने खिशातून टाके उसवायचं छोटं पातं काढलं आणि लगामावर चालवलं. आधी गोट निघाला, मग खडे. एकेक खडा टपटप भावोजींच्या बुटांवर पडत होता.

"अगं, किमतीचा आहे तो! डोकं फिरलंय का हिचं?"

"हो, फिरलंय," धाकटी म्हणाली. तिने गालाच्या पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडलं, लगाम काजळला चढवला आणि ती मैदानात शिरली.

काजळ सुरेख चालली. परीक्षक बाईंनी तिच्या पायांवरून हात फिरवला, दात पाहिले, तिला पळवून पाहिलं. "घोडी फार छान राखली आहेस," त्या म्हणाल्या. "लगाम मात्र कडक आहे. तोंडाच्या कोपऱ्याला लाली आलीय बघ. असलं नवं सामान थेट मैदानात आणू नये." धाकटीने काजळच्या तोंडाचा कोपरा अंगठ्याने हलकेच पुसला. तिसरा नंबर मिळाला. भावोजींनी फोटोसाठी मधे घुसून हसून घेतलं.

तिथून ती कोटावरच भंगारवाल्याकडे गेली. त्याने पाय ठेवायच्या रिकिबी आणि कड्या काढून लोखंडात टाकल्या होत्या. त्या काढायला कातडं सुरीने आडवंतिडवं फाडलं होतं. तिने भरलेली लोकर चिखलात पडली होती. "कुणाचं होतं?" त्याने विचारलं. ती उत्तर न देता बाहेर पडली.

संध्याकाळी ती काजळला न्यायला ताईच्या दारात उभी राहिली. दुकानातल्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांची शेड रिकामी होती, तिथे सोय झाली होती.

"तिची अर्धी मालकी माझीही आहे," ताई म्हणाली.

"मग तुझी अर्धी कुठली ते सांग, तेवढी मी घासणार नाही."

ताईने दार अडवलं नाही. काजळ रस्त्याला लागली तेव्हा ती फाटकापर्यंत मागे आली आणि तिथेच थांबली.

आता ताई रोज सकाळी फोन करते. धाकटी रोज उचलते. "घोडी बरी आहे," एवढं सांगते आणि ठेवून देते.