कप्तानाची पेटी मिळाली तेव्हा

मित्रांनो, माझं नाव कंट्रोलर. पण या घरात मला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. आई मला 'ते बटणांचं' म्हणते. ते बटणांचं उचला टेबलावरून, ताटं मांडायची आहेत, एवढाच माझा तिच्याशी संबंध. धाकटा चिडला की मला जे म्हणतो ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही. वयाने मी सहा वर्षांचा आहे. तुमच्यात सहाव्या वर्षी दात पडतात आणि नवे येतात. आमच्यात नुसते पडतात. माझ्या डाव्या दांडीचं रबर गेलं, एका कोपऱ्याला चीर पडली, बटणांवरची चिन्हं पुसली गेली. आवाज तर मला पहिल्यापासूनच नाही. मला फक्त थरथरता येतं, आणि तेही टीव्हीतल्या खेळाने सांगितलं तरच.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक लोखंडी बोट माझं प्रत्येक बटण पाचशे वेळा दाबून बघत होतं. शेवटी एका बाईने मला हातात घेतलं, माझा मागच्या बाजूचा उजवा खटका दाबला आणि शेजारणीला म्हणाली की याची स्प्रिंग जरा कडक आहे. शेजारीण म्हणाली, जाऊ दे, वापरून सैल होईल. ती आजतागायत सैल झालेली नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

धाकट्याला कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी लागली तेव्हा त्याने मला घरी आणलं. ती नोकरी त्याला त्याच्या ताईने मिळवून दिली होती. ताई त्याच कारखान्यात प्रेसवर होती. तिथे पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनतात, आणि पत्रा कापणारा प्रेस दिवसभर खाडखाड वाजत असतो.

धाकटा एकच खेळ खेळायचा. त्यात एक यान मिळतं आणि अख्खं अंतराळ तुमच्यापुढे मोकळं असतं; हवं तिथे उडा, हवं ते करा. मुख्य गोष्ट लढाईची आहे. पण एका इंधनतळावर एक गंजलेला यंत्रमानव भेटतो आणि मेलेल्या कप्तानाच्या पेटीची हकीकत सांगतो. सात खुणा शोधायच्या, प्रत्येक खुणेत पुढच्या जागेचा सुगावा, आणि शेवटी पेटी. पेटी मिळाली की यान सोनेरी होतं. उपयोग शून्य. सोनेरी यान जास्त वेगाने पळत नाही की लढाईत टिकत नाही. पण बाकीचे खेळाडू त्याच्याकडे वळून बघतात, आणि धाकट्याला तेवढंच हवं होतं.

दोन वर्षं तो अडकून होता. सातही खुणा त्याने कामावरच्या दोस्तांना विचारून विचारून गाठल्या. अडायचं ते शेवटी, आणि तिथे दोस्तांचंही अडलेलं होतं. ही पेटी एका ग्रहाभोवती फिरणाऱ्या दगडांच्या कड्यात तरंगत असते. तिला दोराने यानात ओढून घ्यायचं. दोर माझ्या कडक खटक्याने ओढायचा. खटका पूर्ण दाबला की दोर तुटतो. सोडला की पेटी दगडावर आपटून फुटते. अर्धाच दाबून दहा सेकंद धरायचा, आणि तेवढ्यात डाव्या दांडीने यान दगडांतून वाचवायचं. आता अर्धवट दाबून स्वस्थ राहणं हे काही आमच्या धाकट्याच्या रक्तात नाही. आठव्या सेकंदाला त्याचा संयम सुटायचा, दोर तुटायचा, आणि मी भिंतीवर आपटायचो. चीर पडली ती अशी.

मग ताईचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. बोटं राहिली, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांतला जोर गेला. पेला धरला तरी निसटायचा. कारखान्याने तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं. समोरून झाकणं सरकत जातात, चेपलेलं दिसलं की डाव्या हाताने उचलून बाजूला टाकायचं. सहा महिन्यांनी कारखान्याचे डॉक्टर तिचा हात तपासणार होते. अधू ठरला तर टेबल कायमचं तिचं. बरा ठरला तर परत प्रेस. आणि प्रेसचा तिने एवढा धसका घेतला होता की घरात मिक्सर लावला तरी ती दचकायची. ते टेबल आपल्याला मिळावं, याशिवाय तिचं काही मागणं नव्हतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला बजावलं होतं की बोटं हलती ठेवा, नाहीतर आहे तेवढंही जाईल. म्हणून एका संध्याकाळी तिने मला उचललं. पहिल्या दिवशी मी तिच्या हातून तीनदा पडलो. तिसऱ्या वेळी ती मला म्हणाली, "लागलं का रे तुला?" मित्रांनो, सहा वर्षांत हे मला एकाच माणसाने विचारलं.

आईचं तोंड मात्र चालूच असायचं. खेळायला बरा चालतो हात, भांडी घासायची म्हटली की दुखतो, असं ती भिंतीला ऐकवल्यासारखं बोलायची. ताईने डाव्या हाताने भांडी घासून झाल्यावरच मला घेतलेलं असायचं.

लढाईत तिला गोडी नव्हती. स्वतःच्या नावाने नवा खेळ सुरू करून ती थेट कप्तानाच्या मागे लागली, आणि कुणालाही न विचारता. तिसरी खूण होती, 'माझ्या बागेतलं एक झाड खोटं आहे.' त्या चंद्रावर निळी झाडं, हजारो, सगळी एकसारखी. धाकट्याच्या दोस्तांना तिथे तीन दिवस लागले होते. ताईने पाव तासात झाड शोधलं. दिवसाला वीस हजार झाकणं डोळ्यांखालून घालून त्यातलं चेपलेलं उचलणारी बाई ती. तिला खोटं झाड काय अवघड? रोज कामावरून आल्यावर तासभर खेळायची. पाच महिन्यांत तिने सातही खुणा गाठल्या आणि ती पेटीपाशी आली.

तिथे माझी कडक स्प्रिंग आडवी आली. तिच्या उजव्या बोटाने खटका हलेचना. डाव्या हाताने दाबावा तर यान कोण चालवणार? मग तिने मांडीवर उशी घेतली, मला उशीवर उभं केलं, डावा अंगठा दांडीवर ठेवला आणि मान खाली घालून खटक्यावर हनुवटी टेकवली. उजवा हात बाजूला पडून होता. अकरा वेळा पेटी फुटली. बाराव्या वेळी डोक्याचा भार नेमका बसला. डोकं जड असतं आणि ते बोटासारखं अधीर होत नाही. खटका अर्धा दबला आणि तिथेच थांबला. ती डोळे वर करून टीव्हीकडे बघत होती आणि तिचा श्वास मला लागत होता. दहा सेकंद झाले. पेटी यानात आली.

सहाव्या-सातव्या सेकंदाला धाकटा स्वयंपाकघरातून येऊन तिच्या सोफ्याच्या मागे उभा राहिला होता. तिला कळलंच नाही. त्याने फोन काढून फिल्म घेतली. फिल्ममध्ये काय, तर टीव्ही, सोफ्याची पाठ आणि ताईचा खांदा. शेवटी ताई हसली आणि तिने मला दोन्ही हातांत धरून डोक्यावर उंचावलं. उजव्याचा नुसता टेकू होता, पण टेकू फिल्ममध्ये दिसत नाही. मग तिने वळून बघितलं आणि हसत हसत त्याला म्हणाली, "दोन वर्षं काय करत होतास रे?"

चेष्टाच होती ती. पण त्याला ती फार झोंबली. तो फोन खिशात घालून निघून गेला.

पुढचं मला तो आईशी बोलला तेव्हा समजलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने दोस्तांना फिल्म दाखवली, आणि पेटी आपणच काढल्याचा आव आणला. दोस्तांनी पाठ थोपटली. मग कुणीतरी ताईचं हसणं ओळखलं. मग काय विचारता, लुळ्या हाताच्या बहिणीने तुझं नाक कापलं, असं म्हणत टेबल डोक्यावर घेतलं त्यांनी. धाकट्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. तो म्हणाला, लुळा कसला, नाटकं आहेत सगळी. शेजारच्या टेबलावर सुपरवायझर जेवत होते. त्यांनी फिल्म मागून घेतली.

हात तपासायच्या दिवशी मलाही कारखान्यात नेलं. सुपरवायझरांनीच सांगितलं होतं, ते यंत्र घेऊन ये. धाकट्याने निघताना माझ्या बॅटऱ्या काढून घड्याळात घातल्या. डॉक्टरांच्या खोलीत एक वजनकाटा होता, एक खाट आणि हिरवा पडदा. डॉक्टरांनी फिल्म दोनदा बघितली. मग मला उचलून माझा खटका एका बोटाने दाबला आणि म्हणाले की याला चांगलाच जोर लागतो. माझी जन्माची मिरवायची गोष्ट, आणि ती तिच्याविरुद्ध पुरावा झाली.

"उजव्या हाताने नाही केलं मी," ताई म्हणाली.

"मग कशाने?" डॉक्टरांनी विचारलं.

तिचा हात हनुवटीकडे जाऊ लागला. समोर तीन पुरुष बसलेले, सुपरवायझर आधीच गालात हसत होते. मान खाली घालून, खटक्यावर हनुवटी ठेवून मी खेळत होते, हे सांगायची तिला लाज वाटली. ती शब्द जुळवत राहिली, आणि तेवढ्यात सुपरवायझरांनी धाकट्याला विचारलं की तू होतास ना तिथे, तू सांग.

मित्रांनो, त्याला फक्त 'मी मागे होतो, मला दिसलं नाही' एवढंच म्हणायचं होतं. त्याने बहिणीकडे बघितलं नाही. टेबलावर पडलेल्या माझ्याकडे बघत तो म्हणाला, "हातानेच. मी समोर होतो."

समोर कसला, मेला! सोफ्याच्या मागे होता, फिल्मही मागूनच घेतलेली; पण ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मी सर्वांगाने थरथरायचा प्रयत्न केला, पण अंगात बॅटरीच नव्हती. ताई त्याच्याकडे बघत राहिली. तिला पुन्हा कुणी काही विचारलं नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की हात कामास योग्य आहे, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

ताई अकरा दिवस प्रेसवर टिकली. पत्रा वेळेवर सरकवता यायचा नाही, पट्ट्या अडकायच्या, मशीन थांबायची. हात बरा असल्याचा कागद होता, त्यामुळे सुपरवायझरांनी 'कामात टाळाटाळ' असा शेरा मारून तिला काढून टाकलं. तपासणीच्या टेबलावर आता दुसरीच कुणी बसते. घरी धाकटा आईला म्हणाला, डॉक्टरांनी ठरवलं, त्यात मी काय करणार. आई म्हणाली, खरं आहे बाबा. ताई डाव्या हाताने भांडी घासत होती.

मला तिने त्यानंतर हात लावला नाही. आता धाकटाच मला वापरतो. त्याने आपला पेटीपाशी अडलेला खेळ पुन्हा काढला, कारण त्याला स्वतःच्या नावाचं सोनेरी यान हवं होतं. माझं कौतुक तर विचारू नका! रोज पुसतो, नवं रबर बसवलंय, भिंतीवर आपटणं बंद.

मागच्या रविवारी दोस्त घरी आले. आज तुमच्यासमोर पेटी काढून दाखवतो, असं त्याने आधीच जाहीर केलं होतं. पहिल्या वेळी दोर तुटला. दुसऱ्या वेळी तुटला. पाचव्या वेळी दोस्त एकमेकांकडे बघून हसायला लागले. त्याच्या तळव्यांना घाम सुटला होता, मी हातातून सटकत होतो. ताई चहाचे कप गोळा करायला आली तेव्हा त्याने उसनं हसू आणलं आणि अगदी लहानपणीच्या लाडिक आवाजात म्हणाला, "ताई, सांग ना गं, कसं काढलंस ते?"

ताईने कप खाली ठेवले.

"हातानेच," ती म्हणाली. "तू समोर होतास ना?"

तिने कप पुन्हा उचलले आणि ती आत गेली. त्याने मान खाली घालून सहाव्यांदा खटका दाबला आणि दोर तुटला.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी सांगते की आम्हाला पुसा, जपा, आपटू नका. मी तुमच्याकडे ते मागत नाही. मला आपटलंत तरी चालेल. पण कधी तुम्ही मागे उभे असाल आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर मागे होतो म्हणून सांगा.