सरदाराचं मागणं

"आवो, खाली उतरा आधी," तुळजाबाई अंगणातून वर बघत म्हणाली. "शिमगा तोंडावर आलाय, आन आत्ता कौलं परतायला कुनी सांगितलं तुमाला?"

कुशाबा पाख्यावर उकिडवा बसला होता. त्यानं एक कौल उचलून उन्हात धरलं, तडा गेलाय का पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "सांगाया कशाला लागतं? आपलंच घर हाय," तो म्हणाला आणि खोकत सुटला.

तुळजाबाईला पटण्यासारखं हे उत्तर नव्हतं. पळसवाडीपासून कापड्यापर्यंत लोकांची घरं शाकारणं हाच कुशाबाचा धंदा. पाडवा झाला की तो जो लोकांच्या आढ्यावर चढायचा, तो मिरगाचे ढग डोक्यावर येईपर्यंत उतरायचा नाही. स्वतःच्या घराची पाळी सगळ्यांत शेवटी. एकदा तर अर्धं घर शाकारून झालं नि पाऊस कोसळला, तेव्हा तुळजाबाईनं चार दिवस चुलीवर सूप धरून स्वयंपाक केला होता. आणि यंदा फाल्गुनातच स्वारी वर. बरं, नुसती कौलं नाहीत. मागची पडवी कुडानं बंद करून त्यानं खोली केली होती, खोलीत नवी चूल घातली होती आणि परसाकडं वेगळं दार काढलं होतं.

"ही खोली कुनासाठी?" तिनं विचारलं.

"असूंदे. लागंल कुनाला तरी."

हे 'कुनाला तरी' तिच्या काळजात जाऊन बसलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पदरी मूल नाही. घरात माणसं दोन, चूल एक. दुसरी चूल घालतो तो पुरुष कशासाठी घालतो, हे काय बाईला सांगावं लागतं?

त्यातून कुशाबा म्हणजे काळभद्र सरदार. पळसवाडीत होळीच्या रात्री देवळापुढं नाटक होतं. नाटक कसलं, न संपणारी कहाणीच ती. सोनगिरी नावाचं राज्य, तिथला बोलका डोंगर, पाण्याखालून दौडणारे घोडे आणि राजाचं मीठ खाऊन राजावर उलटलेला हा काळभद्र. गावचा महादू मुंबईला गिरणीत साचा चालवता चालवता दर वर्षी पुढचा भाग रचायचा. काळभद्र दर वर्षी मारला जायचा आणि पुढल्या शिमग्याला परत यायचा, कारण त्याचा दुसरा डाव आधीच मांडलेला असायचा. विष चाललं नाही तर भुयार. भुयार सापडलं तर राजपुत्राची दाई त्याचीच माणूस. दाई पकडली तर कळायचं, की मेला तो मेणाचा पुतळा होता आणि सरदाराचा प्राण गडाच्या टाक्यातल्या खेकड्यापाशी ठेवलेला होता. "एक डाव फसला म्हणून हसता? दुसरा मांडून ठेवलाय!" असं मिशीवर पालथी मूठ फिरवत कुशाबा गरजला, की पोरं आयांच्या पदरात तोंड लपवायची.

मिसरूड फुटल्यापासून तो हे काम करत होता आणि गावानं ते त्याच्या रक्तातच भिनलंय असं धरलं होतं. कुणाची कोंबडी नाहीशी झाली तरी पहिली नजर कुशाबाकडं जायची. तोही हसून म्हणायचा, "बगा, बगा, टोपलीखाली बगा." त्यात या कामाला एक जाच होता. होळीच्या दिवशी गावातल्या साऱ्या चुली विझवायच्या आणि होळीतला इंगळ आणून नव्यानं पेटवायच्या. पण गनिमाच्या, म्हणजे काळभद्र होणाऱ्याच्या घरी तो इंगळ जायचा नाही. पंचमीपर्यंत त्याच्या चुलीला विस्तव नाही. म्हणून हे काम कुणी मागून घेत नसे. कुशाबानं त्यावरही डाव मांडला होता. चूल विझवायच्या आधी एक धगधगती शेणी तो तुसाच्या मडक्यात पुरायचा आणि मडकं गोठ्यात दडवायचा. सगळं गाव त्याची कीव करायचं तेव्हा नवराबायको दार लावून गरम भात खात असायची. तुळजाबाईला त्या वेळी त्याच्या या चलाखीचं फार कौतुक वाटायचं. आता तीच आठवून तिची झोप उडाली. गावाला फसवणारा बायकोला सोडील कशावरून?

ठमाबाई शेजारीण होती आणि तिला डोळे दोनच असले तरी ते पोलादपूरपर्यंत पोचायचे. ती पाण्यावर म्हणाली, "तुझा न्हवरा कापड्यात मंजुळेच्या दारात बसलावता गो. दोनदा बगितला. चाय पीत व्हता."

"कोन मंजुळा?"

"ढोलकीवाला सदू मेला ना, त्याची रांडाव बायको. सासरच्यांनी काढलीन घरातनं. भावाच्या दारात पडून हाय. तशी अजून तरनी हाय हां बाय."

 तुळजाबाईनं हंडा अर्धाच भरून उचलला.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. मधूनच कुशाबा धुतलेला सदरा घालून एसटीनं महाडला जायचा. कशाला, तर "काम हाय." आल्यावर जेवायचा नाही. रात्री तिला भलतंच विचारत बसायचा. "व्हाळाकडच्या खाचराची हद्द सांग बगू." ती म्हणायची, "आंब्यापासून त्या काळ्या धोंड्यापोतर." "आन आंबा कुनी लावला?" "तुमच्या आयेनं." "साक्षीला कोन?" तिला वाटायचं, हा माझ्याकडून काय काय काढून घ्यायचंय त्याचा अंदाज घेतोय.

एका दुपारी ती वहाळावर धुणं घेऊन गेली, तर पलीकडं करंजाखाली कुशाबा एकटाच उभा. पाठमोरा. हात जोडून तो कुणाला तरी म्हणत होता, "दिलं म्हना. गाववाल्यांनो, दिलं म्हना."

तिच्या हातातलं लुगडं पाण्यात सुटलं.

कारण ते शब्द साऱ्या पळसवाडीला ठाऊक होते. नाटकाच्या शेवटी, दिवस फटफटताना, राजा काळभद्राच्या छातीवर तलवार टेकवतो. मरण्याआधी गनीम गावाकडं एक मागणं मागतो. देवळाच्या पायरीवर हात ठेवून राजानं 'दिलं' म्हणायचं, मग गावानं. त्याशिवाय गनीम मरत नाही, नाटक संपत नाही आणि देवीची पालखी देवळातून हलत नाही. कुशाबा आपला दर वर्षी तंबाखू मागायचा, नाहीतर एखाद्या सुगरणीच्या हातची पुरणपोळी. पण दिलं ते दिलं. गावातल्या महिपतचा आजा सरदार असताना त्यानं मागितलेली खालच्या आळीची पाणंद अजून वाहती होती. आणि ठमाबाईनं मुद्दाम आठवण करून दिली, "तो रामा सरदार व्हता ना, त्यानं दुसरी बायको मागितलीवती. गावानं दिलीन की. पयली गेली माह्यारी."

तुळजाबाईला आता माहेरही नव्हतं. आईबाप गेलेले, भाऊ तिकडं सुरतेला. या घरातून उठवलं तर बसायला तिला जागा नव्हती, आणि ही गोष्ट तिच्याइतकीच कुशाबालाही माहीत होती.

होळीच्या आदल्या दिवशी मुंबईकर आले. त्यांत तिचा दीर दत्ताराम, त्याची बायको शकू आणि दोन मुलगे. दत्ताराम गोरा, उंच, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. नाटकात राजा तोच. घर-जमीन दोघा भावांची सामाईक होती, पण खपत होते ते कुशाबा आणि तुळजाबाई. नवी खोली पाहून दत्ताराम म्हणाला, "दादा, ही रूम कशाला? खाली-पिली खर्चा."

"हवा येती," कुशाबा म्हणाला.

नाटकाला तुळजाबाई बायकांत जाऊन बसली. गॅसबत्त्या फसफसत होत्या. पहाटेच्या सुमाराला शेजारी कुणीतरी सरकून बसलं. पांढऱ्या कपाळाची, हडकलेली बाई.

"तुमी तुळजावयनी ना? मी मंजुळा, कापड्याची. त्यांनी बोलावलंय. म्हनाले, बगाया तरी ये."

तुळजाबाई अंग चोरून सरकली. म्हणजे आणून बसवलीसुद्धा. सवतीला शेजारी बसवून हा आता मागणार, आणि चारशे माणसं 'दिलं' म्हणणार. उठून जावं असं तिला वाटलं, पण पुढंमागं बायका दाटून बसल्या होत्या.

पूर्वेला तांबडं फुटलं. दत्तारामानं तलवार भावाच्या छातीवर टेकवली. "अधमा काळभद्रा, तुझे सारे डाव संपले. बोल, शेवटचं काय मागतोस?"

लोक हसायच्या तयारीत पुढं सरकले. कुशाबा आडवा पडल्या पडल्या खोकला. मग त्यानं मिशी उपटून काढली आणि घरच्या बोलीत म्हणाला, "माझं मागनं ऐका. माझ्यामागं माझी बायको तुळजा, तिला नव्या खोलीतनं, परसातनं आन व्हाळाकडच्या खाचरातनं कुनी उठवायचं नाय. आंब्यापासून काळ्या धोंड्यापोतर. ती जित्ती हाय तवर."

ढोलकी थांबली.

"दादा, हे काय नाटकात हाय काय?" दत्ताराम दबक्या आवाजात म्हणाला.

"दिलं म्हन, दत्ता. पालखी खोळंबलीय."

दत्तारामानं गावाकडं पाहिलं. पालखीचे मानकरी खांद्यावर उपरणी टाकून उभे होते. म्हातारे टक लावून बघत होते. तलवार हातात असूनही कोंडीत तोच सापडला होता. त्यानं पायरीवर हात ठेवला. "दिलं."

"दिलं!" सारं गाव म्हणालं.

मग काळभद्र मेला. इतका सावकाश तो आजवर कधी मेला नव्हता.

"माझ्याकडं येऊन येऊन इचारत व्हते," मंजुळा डोळे पुसत सांगत होती. "तुला भाईर कशी काढली? पयलं चूल तोडलीन का पयलं शेत घेतलंन? हद्द इचारलीन तर तुला सांगता आली का? साक्षीला कोन व्हता? सगळं इचारलं. मला कुनी कवा इचारलंच नव्हतं वयनी."

घरी आल्यावर तुळजाबाई नवऱ्यासमोर बसली. त्याच्या तोंडावर अजून काळाशार रंग होता. तिला त्याचा राग आला होता, आपल्या मनाची लाज वाटत होती आणि त्या दोन्हींच्या खाली भीती होती. 'माझ्यामागं' हा शब्द तिनं नीट ऐकला होता.

"म्हाडचा डाक्टर काय म्हनाला?"

"छातीचा फोटू काढलान. मी पाऊस बगायचा नाय, म्हनाला."

"आन मला सांगितलं नाय."

"तू रडली असतीस. दत्ताला वास लागला असता. गनपतीत मी गळती काढाया पाख्यावर व्हतो, तवा खाली तो शकूला सांगत व्हता, दादाच्या मागं वयनीला काय, जाईल कुठंतरी. वाईट नाय तो. ममईला एका खोलीत दाटीनं ऱ्हातात, पोरं वाढतायत. पन मला तवापासून झोप नाय."

"मला वाटलं तुमी दुसरी आनताव."

कुशाबा हसायला लागला आणि हसता हसता खोकल्यानं वाकला. तिनं त्याची पाठ चोळली. बराच वेळ चोळत राहिली. मग ती गोठ्यात गेली, तुसातलं मडकं काढलं आणि चूल पेटवली.

वैशाखात कुशाबा गेला. बाराव्याला आलेला दत्ताराम खाचराच्या बांधावर जाऊन उभा राहिला, आंब्याकडं पाहिलं आणि खाली न उतरता परत आला. तुळजाबाई नव्या खोलीत राहायला गेली. त्या पावसात तिथं एक थेंब गळला नाही.

पुढच्या शिमग्याला काळभद्र व्हायला कुणी तयार होईना. काम घेणाऱ्यानं उचलायचा नारळ देवळात तसाच पडून होता. तो दत्तारामानं उचलला. ठमाबाई धावत सांगायला आली, "सांभाळ बाय. राजा व्हता तो गनीम झाला. मागनं आता त्याचं. देवीपुढं दिलेलं देवीपुढंच परत मागील."

तुळजाबाईलाही तेच वाटलं होतं. नाटकभर तिनं खाली बसून माती मुठीत धरली होती. फटफटलं. महिपत राजा झाला होता, त्यानं तलवार टेकवली.  आडवा पडलेल्या दत्तारामाची नजर बायकांत कुणाला तरी शोधत होती.

"चिमूटभर तंबाकू द्या," तो म्हणाला. "दादा मागायचा, तसली."

लोक हसले. "दिलं!"

तुळजाबाई हसली नाही. ती उठून घरी आली. तिच्या खोलीला वेगळं दार, वेगळी चूल. म्हणून यंदा होळीतला इंगळ तिला मिळाला होता. पुढलं घर आता गनिमाचं, तिथं शकूची चूल विझलेली होती आणि पोरं भुकेली होती. तिनं गोठ्यातलं मडकं आणलं, तुसात एक पेटती शेणी पुरली आणि परसातून वळसा घालून पुढच्या ओट्याकडं आली.

"आवो बाय, कोन बगंल ना," शकू दारातून घाबरून म्हणाली.

"बगूंदे. ह्या सरदारांच्या घरात पंचमीपोतर कवा उपास नव्हता."

दत्ताराम ओट्यावर बसून तोंडावरचा काळा रंग खोबरेल लावून पुसत होता. मडक्यातून धूर येत होता. त्यानं वहिनीकडं पाहिलं नाही. नुसते पाय आखडून घेतले आणि तिला आत जायला वाट दिली.