उलटा वॉशर

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एकाच घरात नांदत होत्या आणि एकाच कारखान्यात कामाला जात होत्या. तिथे लिफ्टचे ब्रेक बनत. थोरली अठरा वर्षं शेवटच्या तपासणीच्या टेबलावर होती. धाकटी लग्न होऊन आली ती इंजिनिअर होऊनच, आणि दोन वर्षांत डिझाइनच्या खोलीत जाऊन बसली. तिच्या नोकरीसाठी साहेबांकडे शब्द टाकला होता तो थोरलीनेच. हे ती कोणाला बोलून दाखवायची नाही, पण विसरायचीही नाही.

कारखान्यात थोरलीचा अंगठा प्रसिद्ध होता. ब्रेकच्या आत एक छोटा वॉशर असतो, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने उतरता. जोडणाऱ्याने घाईत तो उलटा बसवला आणि वर झाकण लागलं की काही दिसायचं नाही. वजन टांगून चाचणी घेतली तरी ब्रेक पास व्हायचा. सहा-आठ महिन्यांनी मात्र आतली दांडी अडकायला लागायची, आणि मग तो ब्रेक कधी धरेल, कधी धरणार नाही. थोरली प्रत्येक नगाच्या दांडीचं बाहेर आलेलं टोक अंगठ्याने दाबून सोडायची. "उलटा असला की परत येताना केसभर थांबते," असं ती म्हणायची. तो केसभर थांबा दुसऱ्या कोणाला कधी जाणवला नाही. दिवसाला दहा-बारा नग ती लाल ट्रेमध्ये टाकायची, आणि झाकण उघडलं की वॉशर उलटाच निघायचा. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी तिच्या टेबलापाशी आणायचे. "ह्या बाईंच्या अंगठ्यावर आमचा कारखाना चालतो," म्हणायचे.

एकदा संध्याकाळी दोघी भाजी निवडत असताना धाकटीने विचारलं, "ताई, तुम्ही रजेवर असता तेव्हा काय होतं?"

"काय व्हायचंय? दुसरी बाई बसते."

"तिला कळतं?"

"छे. तिला कुठलं कळायला." थोरली हे जरा तोऱ्यातच म्हणाली.

दोन महिन्यांनी धाकटीचं नवं ड्रॉइंग आलं. वॉशर आता दोन्ही बाजूंनी उतरता होता. कसाही टाका, सुलटाच बसणार.

लाल ट्रे रिकामा राहायला लागला. पहिल्या आठवड्यात थोरलीला वाटलं, आपलाच अंगठा बधिर झाला. तिने चार नग उघडून पाहिले. सगळे ठीकठाक होते. महिन्याभराने साहेबांनी सांगितलं, आता प्रत्येक नग तपासायची गरज नाही, दहातला एक पुरे. पाहुणे आता थेट डिझाइनच्या खोलीकडे जायचे. थोरली कापसाच्या बोळ्याने स्वच्छ टेबल पुन्हा पुसत बसायची.

घरीही तेच. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या धाकटीने असं काही काढलंय की चूक करायची म्हटली तरी होत नाही." अठरा वर्षांत थोरलीच्या अंगठ्याबद्दल त्यांनी शेजारणीला काही सांगितल्याचं तिला आठवेना. नवराही जेवताना भावजयीला वॉशरबद्दलच विचारत बसला. थोरलीने भांडी जरा जोरात आपटली. "जावा-जावा, उभा दावा म्हणतात ते काय खोटं नाही," नवरा हसत म्हणाला. धाकटीही हसली. थोरलीला हसू आलं नाही. धाकटी वाईट असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. पण ती उठून भांडी घासायला लागायची, आणि तेसुद्धा थोरलीपेक्षा लवकर उरकायची.

मग एका गुरुवारी मोठ्या गिऱ्हाइकाकडून दोन तपासनीस येणार असं कळलं. एका इस्पितळाच्या नव्या इमारतीसाठी एकशे ऐंशी ब्रेक त्याच दिवशी जायचे होते. थोरलीकडे कपाटात जुन्या पद्धतीचा एक नग होता, वॉशर उलटा असलेला. नव्या बायकांना शिकवायला तिने तो ठेवला होता. बाहेरून नव्या-जुन्यात काहीच फरक नव्हता. गुरुवारी सकाळी तिने तो दहाच्या रांगेत अगदी शेवटी ठेवला. दहावा नग तीच तपासणार. पाहुण्यांसमोर दांडी दाबायची, क्षणभर थांबायचं आणि शांतपणे म्हणायचं, हा उघडून बघा. एवढंच तिला हवं होतं. मग धाकटीचं तोंड कसं होईल ते तिने रात्रभर मनात पाहिलं होतं.

तपासनीस आले. धाकटी सोबत होती. त्यांच्यातला वयस्कर गृहस्थ म्हणाला, "नमुने आम्हीच निवडतो." त्याने दुसऱ्याच रांगांमधले सहा नग उचलले, उघडले, मान डोलावली आणि धाकटीशी बोलत पुढे गेला. पॅकिंगवाल्याने थोरलीच्या टेबलावरची रांग उचलली आणि नेली.

तिला तेव्हाच ओरडता आलं असतं. पण पाहुणे अजून दारात होते, आणि धाकटीचं कौतुक चाललं होतं. पाहुणे जाऊ देत, मग काढून घेऊ, असं म्हणत ती थांबली. ते चहाला बसले. ती पॅकिंगमध्ये गेली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि एकशे ऐंशी खोके चिकटपट्टी लावून एकावर एक रचले होते. ट्रक पाचला निघणार होता. प्रत्येक खोक्यावर इस्पितळाचा पत्ता होता.

कोणाला काही न सांगता घरी जाता आलं असतं. एकशे ऐंशीत एक. अडकला तरी सहा-आठ महिन्यांनी अडकेल, आणि बोट दाखवलं जाईल ते धाकटीच्या वॉशरकडे. हा विचार तिच्या मनात आला, आणि आला म्हणूनच ती घाबरली. ती सरळ डिझाइनच्या खोलीत गेली.

"त्या मालात एक उलटा नग आहे," ती म्हणाली. "मी टाकलाय."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. का, असं तिने विचारलं नाही. "ताई, एक झाकण उघडून बंद करायला चार मिनिटं लागतात. पाचच्या आत होणार नाही. ट्रक थांबवते."

"उघडायची गरज नाही," थोरली म्हणाली. "खोके फोडून दे मला."

पॅकिंगवाला खोके फोडत गेला, धाकटी ब्रेक पुढे सरकवत गेली आणि थोरली दांडी दाबत गेली. एकशे सातव्या नगाला दांडी केसभर थांबली. झाकण उघडलं, वॉशर उलटा होता. थोरलीने हात खाली सोडले.

"राहिलेलेही बघा," धाकटी म्हणाली.

"मी एकच टाकला होता."

"तरीही."

थोरलीने राहिलेले त्र्याहत्तरही तपासले. त्यांत काही निघालं नाही. मग तिने पदर सारखा केला आणि साहेबांच्या खोलीत जाऊन स्वतःच सगळं सांगितलं. साहेबांनी तिला पंधरा दिवस घरी बसवलं आणि तपासणीचं टेबल काढून घेतलं.

त्या संध्याकाळी धाकटीने घरात कोणाला काही सांगितलं नव्हतं. ती ओट्यापाशी कागदावर काहीतरी काढत होती. "जुना नग बाहेरून ओळखू येत नाही, ही माझी चूक झाली," ती म्हणाली. "आज तुम्ही टाकलात, उद्या कोणी चुकून टाकला असता. नव्या झाकणावर खूण करून घेते."

"अगं, मला बोल तरी काहीतरी," थोरली म्हणाली. "मी मुद्दाम टाकला. हे चुकांच्या यादीत घालू नकोस."

धाकटीने पेन्सिल ठेवली. "राग आलाय मला," ती हळूच म्हणाली. "खूप आलाय. त्या इस्पितळात माणसं जाणार होती." आणि ती आत निघून गेली. थोरलीला त्या रात्री पहिल्यांदा बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

पंधरा दिवसांनी तिला परत आलेल्या मालाच्या खोलीत बसवलं. बिघडून आलेले ब्रेक उघडायचे आणि का बिघडले ते लिहायचं. खोलीत पाहुणे येत नसत. वर्षभर ती जुने, गंजलेले, माती भरलेले नग उघडत राहिली. धाकटीला बढती मिळाली, सासूबाईंनी ते शेजारच्या चार घरांत सांगितलं, आणि थोरलीच्या पोटात नेहमीसारखं दुखलं. ते दुखणं काही गेलं नाही.

मग एका सोमवारी तिच्या हाती नव्या वॉशरचे तीन ब्रेक लागले. तिन्हींत वॉशरच्या कडेला बारीक तडा होता. दोन्ही बाजूंनी उतार दिल्यामुळे कडा पातळ झाली होती. तिने भिंगातून पुन्हा पाहिलं. खोटं कशाला सांगावं, तिला आनंद झाला, असा आनंद की तिने उठून खिडकी उघडली. पण पाच मिनिटांनी ते तिन्ही वॉशर रुमालात बांधून ती धाकटीच्या टेबलापाशी गेली.

धाकटीने भिंग डोळ्याला लावलं. तिचा चेहरा उतरला. "किती नग?"

"आत्तापर्यंत तीन. तिन्ही दमट जागेतून आलेत."

"कडेचा विचारच केला नाही मी." तिने वॉशर पुन्हा रुमालात ठेवले. "साहेबांना सांगायला हवं. चला ताई, तुम्हीच सांगा, तुम्हाला सापडलंय."

"दोघी सांगू," थोरली म्हणाली. जिन्यावर मात्र ती एक पायरी पुढे चालत होती.