हो म्हणणारी देवी

आमच्या तैवानच्या किनाऱ्यावर समुद्रदेवीच्या देवळात इतकी गर्दी मी जत्रेलाही पाहिली नव्हती. शिंपल्यातल्या कालवांचं ऑम्लेट विकणाऱ्या ओंगकाकांनी गाडा थेट पायरीशी लावला होता, आणि आत गावप्रमुखपदाचे उमेदवार लियाव जिन-फा गुडघे टेकून कौल लावत होते.

कौलाचे अर्धचंद्राकृती लाकडी फासे दोन. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. एक सपाट वर आणि एक फुगीर वर पडला की देवी हो म्हणाली. लियावना ती सारखी हो म्हणत होती. फासेही नवेकोरे, त्यांनीच देवळाला भेट दिलेले.

"आई, मी गावप्रमुख होऊ?" हो. "आई, मी अगदी नालायक माणूस आहे ना?" त्यावरही हो.

"पाहिलंत? आईला माझी नम्रता आवडली," लियाव म्हणाले. लोकांनी हात जोडले. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी कान टवकारले.

"आता निवडणूक कशाला?" लियाव उठले. "कालवांच्या शेतीच्या जागी हॉटेल व्हावं, ही आईचीच इच्छा. सू-मेईबाई, अर्ज मागे घ्या."

सू-मेईमावशी ही त्यांच्या विरोधातली एकमेव उमेदवार. तिच्यासह निम्मं गाव त्या कालवांवर जगतं. हॉटेल आलं तर या लोकांनी खायचं काय? पण मावशी खाली मान घालून म्हणाली, "देवीच्या विरोधात मी कशी उभी राहू, बाई?"

मला राग आला. "मग देवीलाच विचार ना, मावशी."

तिने फासे टाकले. "आई, मी गावप्रमुख होऊ?"

हो.

"आई आज चेष्टेत आहे," लियाव घाईने म्हणाले.

"मग मीही करते थोडी चेष्टा," म्हणत मी फासे उचलले. "आई, ओंगकाकांचा कोंबडा गावप्रमुख म्हणून चालेल?"

हो.

"त्याचा अर्ज कुठे भरायचा?" ओंगकाकांनी दारातून विचारलं. देऊळ हसण्याने दणाणलं. लियाव फासे घ्यायला झेपावले, पण मावशीने ते आधीच उचलले आणि कालवं फोडायच्या सुरीने तिथेच चिरले. आतून शिसं निघालं. एकात सपाट बाजूला, दुसऱ्यात फुगीर बाजूला. जड बाजू खाली जाणार, म्हणजे कसेही टाका, एक पालथा आणि एक उताणाच पडणार.

लियाव मागच्या दाराने सटकले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "देवीनेच चोर पकडून दिला. मावशीला कौल मिळाला!" पुन्हा सगळे हात जोडायला लागले, या वेळी मावशीला. मी कपाळावर हात मारला.

मावशीच भडकली. "अरे, तो कौल शिशाचा होता. त्यात मी आणि कोंबडा सारखेच. माझ्यापुढे हात जोडू नका, मला प्रश्न विचारा."

मग ओंगकाका चाचरत म्हणाले, "गटार कधी साफ होणार?"

"मला नाही माहीत," मावशी म्हणाली. "उद्या जाऊन बघू. तुम्हीही चला."

लोकांचे चेहरे पडले. देवी कधी 'माहीत नाही' म्हणत नसे. पण मंडळी, मत मागणारा देवाच्या नावाने बोलू लागला, की त्याला गटाराबद्दल विचारा. उत्तर कच्चं असलं तरी चालेल. ते तपासता येतं, आणि चुकलं तर पुढच्या वेळी माणूस बदलता येतो.