खिम्यावर वाढलेली ठकी

तरसाची दोन पिल्लं प्राणिसंग्रहालयात आली तेव्हा त्यांचे डोळे नुकते उघडले होते. राखणदाराने त्यांना बाटलीने दूध पाजलं, कुशीत घेऊन झोपवलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला माणूस, पण नातवंडं झाल्यासारखा हरखला होता. दात फुटल्यावर त्याने दोघांना हाडाचा तुकडा दिला, आणि घशात कपची अडकून त्यातला नर त्याच्या मांडीवरच गेला.

त्या दिवसापासून उरलेल्या ठकीसाठी मांस यंत्रातून दोनदा निघू लागलं. बोटांनी चाचपताना कणभर हाड लागलं तरी तो वेचून टाकी. प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंनी वहीत ‘आता अख्खं मांस द्या’ असं लिहिलं. त्याने तिकडे काणाडोळा केला. ठकी गुटगुटीत होती, मग कशाला उगीच?

बायको म्हणायची, “जात हाडं फोडणाऱ्यांची, आणि तुमची लेक दातही न लावता गिळते.”

आठव्या महिन्यात ठकी जांभई देताना कण्हू लागली. कानापाशी टक् असा आवाज यायचा. डॉक्टरीणबाईंनी तिला भूल देऊन एक्स-रे काढला आणि शेजारी त्याच वयाच्या दुसऱ्या तरसाचा लावला.

“काका, जबडा कवटीला जिथे जोडलाय ना, तिथलं हे हाडाचं टोक बघा. त्याचं केवढं आणि हिचं केवढं.”

ठकीचं बारीक होतं, चपटंही.

“कसला रोग आहे?”

“रोग नाही. वाढत्या हाडाला काम लागतं. चावताना सांध्यावर भार येतो, त्या भाराने हाड भरतं. हिने चावलंच नाही.”

“तुम्ही लिहिलं होतं. मीच ऐकलं नाही. वेळ गेली का?”

“वाढीचं वय आहे अजून. बरंचसं भरून येईल, सगळं येईल असं सांगत नाही. आधी दुखणं उतरू दे, मग मोठे तुकडे, मग हाड.”

हाडाचा दिवस उजाडला तेव्हा त्याने स्वतः सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ठकीने हाड चाटलं, उचलून गजांपाशी त्याच्यापुढे आणून ठेवलं आणि वाट बघत बसली. त्याने हात पाठीमागे बांधले. अखेर कंटाळून तिने ते दाढेखाली घेतलं. ती एकदा खोकली, तसा तो किल्ली घेऊन धावला. पण तिने नुसतीच बाजू बदलली होती.

सहा महिन्यांनी हाडाचं टोक गोलसर झालं होतं. दुसऱ्याइतकं नाही. जांभईचा आवाजही अधूनमधून यायचाच, कण्हणं मात्र थांबलं होतं.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्याने नव्या राखणदारीणबाईंना पिंजरा दाखवला.

“हिला अख्खंच द्यायचं,” तो म्हणाला. “भीती वाटली तर तोंड फिरवून उभ्या राहा. मी तसंच करतो.”